मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलगे येणार: आधी मोजायचे काय, मग बांधायचे काय

दुपारी शाळा सुटायच्या वेळेला कोल्हापुरातल्या कुठल्याही मुलींच्या शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहा. थोरलीला गाडीवर घेऊन एक आई घाईघाईने निघते, कारण धाकटा गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या शाळेच्या पायरीवर बसलेला असतो. अशीच एखादी आई प्रवेशाच्या दिवसांत ऑफिसच्या खिडकीशी म्हणते, "सिस्टर, धाकट्याला पण इथंच घ्या की ओ. दोन टोकाला दोन शाळा, जीव जातोय नुसता."

सहशिक्षणाची सुरुवात बहुतेक वेळा या खिडकीपाशी होते, तत्त्वचर्चेत नाही. घरात एक किंवा दोनच मुले असतात आणि दोघांना एकाच शाळेत घालायचे असते. जी शाळा फक्त मुलगी घेते, ती अशा घरांच्या यादीतून पहिल्याच फेरीत गळते. मग एक दिवस संस्थेत ठरते की मुलग्यांनाही प्रवेश द्यायचा. बैठक बसते आणि पहिला प्रश्न येतो, "मुलांसाठी टॉयलेट किती बांधायची?"

मी बांधकामाच्या धंद्यातला माणूस. हा प्रश्न ऐकला की ठेकेदाराला आनंद होतो आणि मला धास्ती वाटते. प्रश्न चुकीचा नाही, पण तो पाचवा-सहावा आहे. पहिला प्रश्न पटाचा असतो. किती मुलगे, कोणत्या इयत्तेत, कोणत्या वर्षी, आणि त्यांच्यामुळे मुलींच्या जागा किती उरणार? हे कागदावर आल्याशिवाय कुदळ मारली, तर पाच वर्षांनी तीच भिंत पाडावी लागते.

पटाचा तक्ता

हिशेबासाठी एक शाळा धरू. ती खरी नाही, कुठल्या पेठेत आहे ते शोधत बसू नका. पहिली ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, तुकडीत ४० मुली. म्हणजे ८०० मुली आणि २० वर्गखोल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवी ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. शहरातल्या तुकड्या प्रत्यक्षात किती भरलेल्या असतात ते आपण सगळे जाणतो. आकडेमोड सोपी जावी म्हणून ४० घेऊ. आवारात एक जुनी दगडी इमारत, एक नंतरची काँक्रीटची, मागे सिस्टरांचे निवास आणि चॅपेल, पुढे मैदान.

आता वाटा बघा.

पहिली वाट सगळ्यात स्वस्त. तुकड्या तेवढ्याच ठेवायच्या आणि दर जूनला पहिलीत ४० मुली, ४० मुलगे घ्यायचे. एकही खोली वाढत नाही. दहा वर्षांनी शाळेत ४०० मुली आणि ४०० मुलगे असतील. कागदावर सुंदर समतोल दिसतो. पण ज्या शाळेत ८०० मुली शिकत होत्या तिथे ४०० शिकतील, आणि मुलींसाठी म्हणून काढलेल्या शाळेने मुलींच्या ४०० जागा काढून घेतल्या हे बैठकीच्या इतिवृत्तात कुठेही लिहिलेले नसेल.

दुसरी वाट उलट्या टोकाची. मुलींच्या दोन तुकड्या तशाच आणि मुलग्यांसाठी आणखी दोन तुकड्यांइतक्या जागा. दहा वर्षांनी १,६०० विद्यार्थी आणि ४० खोल्या. शहरातल्या जुन्या शाळेच्या आवारात एवढी जागा नसते, आणि असली तर ती मैदानाची असते.

तिसरी वाट मधली. इयत्तेमागे एकच तुकडी वाढवायची. ८० मुली कायम, ४० मुलगे नवे, आणि सगळी मुले तिन्ही तुकड्यांत मिसळून. पहिल्या वर्षी पट ८४०, पाचव्या वर्षी १,०००, दहाव्या वर्षी १,२००. खोल्या २१, २५, ३०. प्रत्येक वर्गात साधारण २७ मुली आणि १३ मुलगे. मुलगे कमी दिसतील म्हणून काही पालक कुरकुरतील. कुरकुरू देत. मला विचाराल तर हीच वाट बरी, कारण तीत मुलींचे काही जात नाही आणि बांधकाम दरवर्षी एका खोलीच्या चालीने वाढते.

सगळ्या इयत्तांत एकदम मुलगे घ्यावेत का? आठवीत पाच-सहा मुलगे आणि तीसेक मुली, त्याही शिशुवर्गापासून एकमेकींच्या ओळखीच्या. त्या पाच-सहा जणांचे हाल होतात आणि वर्गाचेही. शिवाय आठवीला शाळा बदलणाऱ्या मुलाची आधीची शाळा का सुटली, हाही प्रश्न असतो. खालून सुरुवात केली की पहिल्या वर्षीचे मुलगे सहा वर्षांचे असतात. त्यांच्या दाढी-मिशांच्या वयाला लागणाऱ्या सोयी उभ्या करायला शाळेला पाच-सहा वर्षे मिळतात. सहशिक्षणाच्या आराखड्यात सिमेंट-वाळूइतकाच हा वेळ कामाला येतो, आणि तो फुकट असतो.

हा तक्ता दर डिसेंबरात पुन्हा काढायचा. चौथीनंतर किंवा सातवीनंतर काही घरे मुलग्याला दुसरीकडे हलवतात. त्या गळतीचा अंदाज दोन-तीन वर्षांत येतो आणि पुढच्या खोल्यांचा हिशेब बदलतो.

संडास आणि मुताऱ्या

सभ्य शब्द स्वच्छतागृह. पण मोजायचे तर संडास वेगळे आणि मुताऱ्या वेगळ्या मोजाव्या लागतात, म्हणून मी साधेच शब्द वापरतो.

राष्ट्रीय इमारत संहितेची २०१६ ची आवृत्ती दिवसाच्या शाळेसाठी असे प्रमाण देते: मुलींना २५ जणींमागे एक संडास, मुलग्यांना ४० जणांमागे एक संडास आणि २० जणांमागे एक मुतारी. मुलींना वेळ जास्त लागतो, त्यांना मुतारीचा पर्याय नाही आणि पाळीचे दिवस असतात, म्हणून त्यांचे प्रमाण जास्त. स्वच्छ विद्यालय मोहिमेने धरलेले प्रमाण यापेक्षा सैल, ४० विद्यार्थ्यांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्यांचे एक युनिट. अर्ज भरताना बहुतेक जण सैल प्रमाण पुढे करतात.

आपल्या शाळेत समजा २४ संडास आहेत. ८०० मुलींना २४, म्हणजे ३३ जणींमागे एक. सैल नियमात पास, संहितेच्या ३२ ला आठ कमी. आता बैठकीत कोणीतरी म्हणतो, "पश्चिमेकडचा आठाचा ब्लॉक मुलांना देऊ, बाहेर नवी पाटी लावली की झालं." खर्च फक्त पाटीचा. मुलींकडे उरले १६. पन्नास जणींमागे एक. दोन्ही नियमांत नापास.

हे सुट्टीच्या भाषेत बघू. मधली सुट्टी २० मिनिटांची, एका मुलीला आत-बाहेर मिळून दोन मिनिटे धरली, तर एका संडासात दहा जणी. १६ संडासांत १६०, चोवीसांत २४०, बत्तिसांत ३२०. त्या सुट्टीत ३०० मुलींना जायचे असेल तर सोळांच्या शाळेत १४० मुली रांगेतून परत फिरतात. त्यातल्या बऱ्याच जणी दुसऱ्या दिवसापासून पाणीच कमी पितात. ज्या घरात मुलगी आहे त्या घराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून पहिला नियम: मुलींचा एकही संडास मुलग्यांकडे द्यायचा नाही. मुलग्यांचे नवे बांधायचे. शिवाय मुलींचे कमी पडणारे आठ याच कामात पुरे करून घ्यायचे, कारण ठेकेदार आवारात आलेला आहे, गटारे उकरलेली आहेत आणि मंजुरीची फाइल फिरतेच आहे. मध्येच पैसे संपले, तर बांधकामाऐवजी सुट्टीच्या वेळा बदला. पहिली ते चौथीची सुट्टी आधी, पाचवी ते दहावीची नंतर. रांग जवळपास निम्म्यावर येते आणि खर्च फक्त वेळापत्रकाच्या कागदाचा.

मुलग्यांचे आकडे आता बघू. दहाव्या वर्षी ४०० मुलगे, म्हणजे १० संडास आणि २० मुताऱ्या. पण पहिल्या वर्षी ४० मुलगे, म्हणजे एक संडास आणि दोन मुताऱ्या. आणि तेही तळमजल्यावर, पहिलीच्या वर्गाला लागून, बुटक्या उंचीचे. मोठ्यांच्या मुतारीची कड जमिनीपासून साधारण दोन फुटांवर असते. सहा वर्षांच्या पोराला ती कमरेशी येते. मग पुढचे सगळे फरशीवर होते आणि "मुलं घाण करतात" असा ठपका त्यांच्यावर बसतो, बसवणाऱ्या प्लंबरवर नाही.

मुताऱ्यांच्या मध्ये आडोसा हवाच. मुलग्यांना लाज नसते हा आपल्याकडचा जुना गैरसमज. संडासाला आतून लागणारी कडी हवी. शाळेत पोट बिघडले तर दाराअभावी घर गाठेपर्यंत सोसणारे मुलगे मी पाहिलेत. एके काळी त्यातला एक मी होतो.

जागा निवडताना वारा बघा. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. वर्गांच्या पश्चिमेला मुताऱ्या ठेवल्या तर जून ते सप्टेंबर तिथला वास तासाला हजेरी लावतो. नवे ब्लॉक मजल्यावर मजला असे एकाच उभ्या रेषेत घ्या, म्हणजे पाइपांना एकच डक्ट पुरते आणि गळती कुठे आहे ते शोधायला भिंती फोडाव्या लागत नाहीत.

दोन्हींची दारे समोरासमोर नकोत. पण मुलग्यांचा ब्लॉक मैदानाच्या पार टोकाला, झाडामागे नेऊन टाकणे ही त्याहून मोठी चूक. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर स्वच्छतागृहात अत्याचार झाला, तेव्हापासून राज्यात शाळांच्या कॅमेऱ्यांचा मुद्दा ऐरणीवर आला. कॅमेरा दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये ठीक, आत कधीच नाही. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे जाता-येता शिक्षकांच्या खोलीतून दिसेल असे दार, लहान वर्गांच्या वेळेला तिथे हजर असणारी मावशी, आणि सफाईचे पुरुष कामगार फक्त शाळा सुटल्यावर. हे मुलग्यांसाठीही तितकेच लागू. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक छळ सोसल्याचे सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. "मुलगा आहे, त्याला काय होतंय" म्हणत नकाशा काढू नये.

मुलींच्या शाळेत पाळीची सोय ऑफिसातून होते. मुलगी जाऊन मागते, सिस्टर कपाट उघडून देतात, ती ते रुमालात गुंडाळून पॅसेजमधून चालत जाते. आजवर पॅसेजमध्ये मैत्रिणीच असायच्या. पाचव्या-सहाव्या वर्षापासून तिथे तिच्याच वयाचे मुलगे असतील. तेव्हा पॅडचे यंत्र किंवा निदान एक उघडे कपाट संडासाच्या आतल्या भागात न्या. आत नळ, टोपली, खुंटी, आणि शक्य तर प्रत्येक दारामागे एक फळी. खर्च किरकोळ आहे, पण हे कुठल्याच अंदाजपत्रकात आपोआप येत नाही. कोणीतरी लिहावे लागते.

एक स्वतंत्र, एकट्याने वापरायचा संडास तळमजल्यावर ठेवा. चाकाची खुर्ची आत वळेल एवढा, ९० सेंटिमीटरचे दार, बारास एक उताराचा रॅम्प. अपंग विद्यार्थ्यासाठी तो लागतोच. पाय मोडलेल्याला, आजारी पडलेल्याला आणि मुलगे-मुली या दोन पाट्यांपैकी एकीखाली जाताना अवघडणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो. पाटी एवढीच लावा: "सर्वांसाठी".

आणि हो, पुरुष शिक्षक. मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये सरांची संख्या बोटावर मोजण्याइतकी, त्यांची सोय कुठेतरी शिपायाच्या खोलीमागे उरकलेली. मुलगे आले की पीटीचे सर येतील, आणखी दोघे-तिघे येतील. तेही मोजा.

पाण्याचा हिशेब सोपा: दिवसाच्या शाळेला माणशी रोज ४५ लिटर. १,२०० मुलांना ५४,००० लिटर. काळम्मावाडी धरणाचे पाणी शहरात आले म्हणून टाकी लहान ठेवू नका. पंप बंद पडला की शाळेला एक दिवसाचा साठा लागतोच, आणि मुताऱ्या पाण्याविना दुपारपर्यंत टिकत नाहीत.

मैदान

ही जागा कोल्हापूरची दुखरी नस आहे. मुलगे आले की फुटबॉल येणार, त्याला अडवणारा अजून या गावात जन्मायचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही फुटबॉल संघांची नावे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की वडील लवकर घरी येतात हे त्यांनी पाहिलेले असते.

अडचण खेळाची नाही. फुटबॉल सगळे मैदान मागतो. आतापर्यंत त्याच मैदानावर एका कोपऱ्यात लंगडी, दुसरीकडे खो-खो, मध्ये थ्रोबॉल आणि कडेने गप्पा मारत फिरणाऱ्या दहावीच्या मुली असे सगळे एकाच वेळी चालत होते. दहा-बारा मुलगे आणि एक चेंडू आला की अर्ध्या तासात बाकी सगळे भिंतीला लागतात. कोणी कोणाला हाकललेले नसते. चेंडू लागेल म्हणून मुली आपणच सरकतात, आणि तिसऱ्या महिन्यात "मुली खेळतच नाहीत" असे म्हटले जाते. ज्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यासारख्या नेमबाज दिल्या, तिथे हे वाक्य ऐकवत नाही.

याला उपाय बांधकामाचा आणि वेळापत्रकाचा मिळून आहे. मैदानाचे पट्टे चुन्याने आखा आणि खो-खोचे खांब कायमचे रोवा. खांब रोवलेल्या जागेवर फुटबॉलचा दावा चालत नाही. फुटबॉलला जाळीचे कुंपण आणि ठरलेले वार, त्यातले निम्मे मुलींच्या संघाचे. नवी इमारत मैदानावर सरकवायचा मोह होतो, कारण तिथे पाडापाडी नसते. तो टाळा. वर चढता येते, मैदान पुन्हा मिळत नाही.

पावसाळ्यात मैदानच चिखल होतो, तेव्हा १,२०० मुले सुट्टीत कुठे उभी राहतात ते बघा. पॅसेज अरुंद असले की धक्काबुक्की तिथेच होते. नव्या इमारतीचा तळमजला खांबांवर मोकळा ठेवला तर पावसाळी खेळ, प्रार्थना, डबे, स्नेहसंमेलनाची तालीम असे सगळे तिथे होते. एवढी जागा "वाया" घालवायला समिती तयार होत नाही. जुलै महिन्यातल्या एका दुपारी सगळ्यांना शाळेत बोलवा, मग होते.

कपडे बदलण्याच्या खोल्या दोन लागतील. आतापर्यंत वर्गाचे दार लावून भागत होते.

सिस्टरांचे घर

सरकारी शाळेच्या आराखड्यात नसलेली गोष्ट इथे असते. आवारात शाळा आहे तसे एक घरही आहे. तिथे धर्मभगिनी राहतात, काही वयाने थकलेल्या, पहाटे प्रार्थनेला उठणाऱ्या. त्यांच्या खिडक्या बहुतेक मैदानाकडे किंवा मागच्या बागेकडे असतात. आजवर आवारातल्या सगळ्या मुलीच असल्याने घर आणि शाळा यांच्यात मेंदीचे कुंपण पुरत होते. आता हद्द नीट आखावी लागते. वेगळे फाटक, चेंडू अडवणारी जाळी, चॅपेलकडे जाणारी शांत वाट. मुलींचे वसतिगृह असेल तर त्याचा जिना, फाटक आणि पाण्याची टाकी शाळेपासून पूर्ण तोडून घ्या. वसतिगृहाच्या अंगणातून शाळेच्या मुलग्यांची वाट जाऊ नये. रविवारी मुली तिथे वाळत घातलेल्या कपड्यांमधून वावरतात, ते त्यांचे घर असते.

कॅथलिक चर्चची सहशिक्षणाबद्दलची भूमिकाही एका जागी थांबलेली नाही. १९२९ साली पोप अकरावे पायस यांनी शिक्षणावरच्या परिपत्रकात सहशिक्षणाच्या पद्धतीवर कडक टीका केली होती. मुलींसाठी वेगळ्या शाळा काढणाऱ्या धर्मभगिनींच्या संघांची जडणघडण त्या वातावरणातली, त्याच्याही आधीची. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हवा बदलली आणि आज चर्चच्या असंख्य शाळांत मुलगे-मुली एकत्र शिकतात. तरी ज्या संघाने "मुलींसाठी" म्हणून काम सुरू केले, त्याच्या आतमध्ये हा निर्णय फक्त मुख्याध्यापिकेचा नसतो. प्रांतप्रमुख सिस्टर आणि त्यांचे मंडळ, शिवाय धर्मप्रांताचे महागुरुस्वामी (बिशप) यांच्यापर्यंत विषय जातो. त्याला वेळ लागतो आणि लागू द्यावा. आराखड्याच्या तारखा त्या धरून लावा.

मुलींचा निकाल घसरेल का, ही धास्ती पालकांत आणि सिस्टरांतही असते. २०१४ साली २१ देशांतल्या १८४ अभ्यासांची, सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची, एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. घरची परिस्थिती वगैरे फरक वगळून पाहिलेल्या चांगल्या अभ्यासांत एकेरी आणि मिश्र शाळांच्या निकालात म्हणण्याजोगा फरक सापडला नाही. निकालाची काळजी सोडा, रांगेची करा.

परवानग्या, थोडक्यात

शाळेची मान्यता "मुलींची" अशी असेल तर ती बदलून घ्यावी लागते. सुरुवात शिक्षणाधिकाऱ्यांकडे, पुढे विभागीय उपसंचालकांकडे. यू-डायस आणि सरल या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींत बदल करावा लागतो. शाळा अनुदानित असेल तर वाढीव तुकडी म्हणजे संचमान्यतेचा, म्हणजे शिक्षकांच्या पदांच्या सरकारी मंजुरीचा, प्रश्न. खोली बांधून तयार आणि शिक्षकाचे पद मंजूर नाही, अशी गंमत आपल्याकडे होते. अल्पसंख्याक संस्थांना राज्यघटनेच्या कलम ३० चे संरक्षण आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने त्यांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालावर शंका घेऊन विषय मोठ्या खंडपीठापुढे नेण्यास सांगितले. म्हणून त्या कायद्यातल्या, वंचित घरांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के जागांचा मुद्दा आपल्याला कधीच लागू होणार नाही, असे धरून पट आखू नका. ट्रस्टला कर्ज काढायचे तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी. बांधकामाचा नकाशा महापालिकेत, २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे.

जागा पंचगंगेच्या किंवा जयंती नाल्याच्या बाजूची असेल तर पूररेषेचा नकाशा सगळ्यात आधी. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम विसरा. राजाराम बंधाऱ्याशी धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ व २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. विजेचा बोर्ड, शाळेचे दाखले आणि प्रयोगशाळेचे सामान पहिल्या मजल्यावर. पुराच्या दिवसांत शाळेत माणसे आसऱ्याला येतात, तेव्हा वाढवलेले संडास कोणी मोजत नाही, पण सगळे वापरतात.

बांधायचे कधी, कसे

दहा खोल्या दरवर्षी एक अशा कोणी बांधत नाही. टप्पे करायचे. पण फुटिंग (पाया) आणि कॉलम (खांब) पहिल्याच टप्प्यात पूर्ण उंचीच्या हिशेबाने घ्यायचे. वर मजला चढवायचा म्हणून गच्चीवर सोडलेल्या सळया गावभर गंजताना दिसतात. त्यांना हलके काँक्रीट चढवून झाकले तर पाच वर्षांनी कामाला येतात, नाहीतर इंजिनिअर त्या बघून मान हलवतो.

जुन्या दगडी इमारतीवर मजला चढवायची कल्पना कोणी मांडली तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट. त्या भिंती त्यांच्या काळच्या छपराचे वजन पेलायला बांधलेल्या आहेत. १९६७ च्या कोयनेच्या धक्क्यात त्या उभ्या राहिल्या हे खरे, तेव्हा त्यांच्या डोक्यावर स्लॅब नव्हता हेही खरे.

जिना पाच फुटांहून अरुंद नको, आणि प्रत्येक मजल्यावरून उतरायला दोन वाटा. २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली आणि ९४ मुले गेली. निघायला धड वाट नव्हती. मुलींच्या शाळांना एक जादा सवय असते. सुरक्षेपायी जिन्याला लोखंडी ग्रिल आणि त्याला कुलूप. किल्ली शिपायाच्या खिशात, शिपाई चहाला. शाळा भरलेली असताना ते कुलूप निघालेच पाहिजे.

बाकांबाबत एक गंमत. मुलींची उंची साधारण दोन वर्षे आधी झपाट्याने वाढते. सहावी-सातवीत मुली उंच, मुलगे बुटके. नववी-दहावीला उलटे. एकाच मापाचे बाक सगळ्या वर्गांना घेतले तर प्रत्येक इयत्तेत अर्धी मुले वाकून किंवा लोंबकळत बसतात. दोन मापांचे घ्या आणि वर्गातच मिसळा.

शिवणाच्या खोलीचे काय करायचे, हा प्रश्न हमखास येतो. आठ-दहा जुनी पायमशिने, खिडकीपाशी कापडाचे तुकडे. "आता मुलं येणार, तिथं कॉम्प्युटर लॅब करू." मी त्या बैठकीत असतो तर विचारले असते की मुलग्यांना सुई धरता येऊ नये असे कोणी ठरवले? कॉम्प्युटरला वरचा मजला आहे. मशिने तेलपाणी करून तिथेच ठेवा आणि पाचवीपासून सगळ्यांना आठवड्यातून एक तास.

कामाचा मोसम आपल्याकडे ठरलेला. पाया दिवाळीनंतर, कारण त्याआधी काळ्या मातीत खड्डा खणला की पाण्याने भरतो. फेब्रुवारी-मार्चला बारावी-दहावीच्या परीक्षा. शाळा केंद्र असेल तर काँक्रीटचा मिक्सर बंद. आवाजाची सगळी कामे एप्रिलच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत रेटायची. स्लॅबला पाणी मारायला माणूस ठेवायचा, स्लॅबखालच्या टेकूंचे सेंटरिंग वेळेआधी काढू द्यायचे नाही, ठेकेदार कितीही घाई करो.

पहिल्या टप्प्यात जूनच्या आत पुरे व्हायला हवे ते इतकेच: पहिलीची एक खोली, शेजारी एक संडास, दोन बुटक्या मुताऱ्या, गुडघ्याच्या थोड्या वर येणारे बेसिन, मुलींचे आठ संडास आणि खो-खोचे दोन खांब.